नीरफणसाचं भरीत

सावद्याच्या रेल्वे क्वार्टरमागे, मोरीच्या पाण्यावर
एक झाड आहे, त्याला आमच्या बोलीत नाव नाही.
कोणी हातफणस म्हणतं, पानांना बोटं आहेत म्हणून,
कोणी नुसतंच, मेस्त्रीनबाईचं.

गुणाजी मेस्त्री मालडब्यांचा हिशेब ठेवायचे
केळीचे घड दिल्लीला जायचे त्या दिवसांत.
बायको आचऱ्याहून आली
ती पत्र्याची ट्रंक, एक आडाळो
आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं बोटभर मूळ घेऊन.
भुसावळला गाडी बदलताना टीसीनं विचारलं, हे काय?
सुलभाबाई म्हणाल्या, जेवण.

पहिल्याच मे महिन्यात पानं कागदासारखी वाजू लागली.
सत्तेचाळीस अंश.
कावळे टाकीच्या सावलीत चोच उघडी टाकून बसलेले.
त्यांनी केळीची सोपटं बांधून आडोसा केला,
पोरांच्या आंघोळी बुंध्याशी, भांडी बुंध्याशी,
तांदळाचं धुवणही तिथंच.

द्वारकाआत्या कुंपणावरून बघायची.
"काय व्हय वं माय हे? फयं येतीन का याले?"
"येतली. येवक व्हयी."

मग त्या सांगत बसायच्या
आणि आत्या तुरीच्या शेंगा सोलत ऐकायची:
होड्या उलट्या घालून ठेवल्या की
हे एक झाड अख्खं घर जेवू घालतं.
काप करायचे, तिखट-मीठ लावून पिठात घोळवायचे.
वाळका तुरा पेटवला की डास पळतात.
चिकानं होडीच्या फटी बुजतात.
आत्या म्हणाली, होडी नाही आमच्याकडे,
पण बादली गळते.

बुजली बादली. दोन उन्हाळे टिकली.
आत्याच्या लुगड्यावर केळीचे डाग होतेच,
त्यांत हा एक समुद्राकडचा.

सातव्या वर्षी बदलीचा कागद आला, दौंड.
सामान गेलं. झाडाला कसं नेणार?
आणि त्याच श्रावणात, मेल्यानं,
तीन फळं धरली.

आत्या ते हिरवं खरखरीत डोकं मांडीवर घेऊन
बराच वेळ ओट्यावर बसली.
विचारायला कोणी नव्हतं.
आमच्या लोकांना एकच ठाऊक:
गराचं असेल तर आधी भाजा.
कपाशीच्या पळकाट्या रचल्या,
साल कोळशासारखी झाली, चिक फसफसून बाहेर आला,
आणि आतून वास
तव्यावरून आत्ताच उतरलेल्या भाकरीचा.
मग बडगी, हिरव्या मिरच्या, लसूण,
शेंगदाणे, कांद्याची पात, वरून सढळ तेल.
कळण्याच्या पुऱ्या.
बोंड्यांचा रूपचंद तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला,
आजचं वांगं गोड निघालं.
त्याला कोणी काही सांगितलं नाही.

मी आता केळीच्या रोपांच्या शेडमध्ये कामाला आहे.
बाटलीतली हिरवी टाचणी पिशवीतल्या मातीत लावते,
दिवसाला बाराशे.
केळीला बी नाही. त्या झाडालाही नाही.
कोणीतरी उचलून नेल्याशिवाय
दोघंही कुठं पोचत नाहीत,
हे मला पगार घेऊन कळलं,
सुलभाबाईंना ट्रंक भरतानाच ठाऊक होतं.
"मुळाक घाव बसलो काय फुटवो येता,"
असं त्या आत्याला सांगायच्या.
आत्याला वाटायचं, त्या माहेराबद्दल बोलताहेत.

गेल्या वर्षी क्वार्टरं पाडली.
जेसीबीचा दात मुळाला लागला.
पांढरा चिक दोन दिवस वाहत होता,
भिंतीच्या विटांवर अजून वाळलेला आहे.
आषाढात तिथूनच तीन फुटवे वर आले.
एक मी शेडमध्ये आणला, जाळीखाली, केळींच्या रांगेत,
साहेबांच्या वहीत त्याची नोंद नाही.

नंबर शोधून दौंडला फोन लावला.
मुलानं उचलला. रोपाचं सांगितलं.
म्हणाला, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लावणार कुठं?
मग पलीकडे काही कुजबुज झाली,
कोणीतरी हसलं, खोकलं,
आणि तो म्हणाला,
आई विचारतेय, ते भरीत कसं करतात.
दात नाहीत आता तिला.